आधी हलताना बघ

वर्धा
आषाढ

चि. भाचीस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढ्याचं उत्तर मोबाइलवर बोटानं टोचत लिहिणं माझ्यानं होत नाही, म्हणून कागद घेतला. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुला आदिम, पंखहीन कीटकांच्या शुक्रपेशींची रचना आणि हालचाल हा विषय मिळाला. वर्गात हशा झाला, होस्टेलच्या मैत्रिणींनी तुझं नाव 'कसरवाली' पाडलं, आणि आता तुला विषय बदलून कपाशीच्या गुलाबी बोंडअळीकडे जायचं आहे. बोंडअळीला माझा विरोध नाही. हिंगणघाट-देवळीकडचा कुठलाही शेतकरी तुला तिकडेच ढकलेल, आणि त्याचं चुकणारही नाही. पण तुझं खरं कारण ते नाही. ते तू अगदी शेवटी, हळूच लिहिलं आहेस: "मामा, आपल्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही. मग यात करण्यासारखं उरतं तरी काय?"

पुष्कळ उरतं. तेच सांगायला बसलो आहे.

हशाचं आधी आटपून टाकतो, कारण त्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. 1677 साली डेल्फ्टच्या लेव्हनहुकनं माणसाच्या वीर्यातल्या हलणाऱ्या पेशी पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना कळवल्या. हा गृहस्थ पेशानं कापडाचा व्यापारी. भिंगं घासायचा नाद होता, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यालाही संकोच वाटला. नमुना कसा मिळवला हे त्यानं सभ्यपणे स्पष्ट केलं आणि विद्वानांना हे किळसवाणं वाटलं तर छापू नका, असंही लिहून ठेवलं. त्यांनी छापलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कापडवाला जे लिहून गेला ते नागपूरच्या प्रयोगशाळेत बोलायला तुला लाज वाटू नये. मैत्रिणींना हसू दे.

आता मुद्द्याचं. तुझ्या मार्गदर्शकांनी दिलेल्या यादीत बहुतेक निबंध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचे असणार. त्यातली चित्रं पाहून तुझा धीर सुटला असणार. शेपटाचा आडवा छेद, त्यात टिपक्यांची वर्तुळं, खाली 9+2, 9+9+2 असे आकडे. ते आकडे म्हणजे काय, हे तुला परीक्षेपुरतं येतं. मला मात्र ते तुला गोष्टीसारखं माहीत असावं असं वाटतं, म्हणून थोडं मागे जातो.

शुक्रपेशीच्या शेपटात लांबलांब सूक्ष्मनलिका असतात. मधोमध दोन सुट्या, त्यांच्याभोवती नऊ जोड्या. हा झाला 9+2 आराखडा. 1952 मध्ये आयरीन मँटन आणि क्लार्क यांनी तो स्फॅग्नम नावाच्या शेवाळाच्या शुक्रपेशीत स्वच्छ दाखवला. शेवाळ, सी-अर्चिन, उंदीर, माणूस, सगळीकडे तोच. कीटकांनी त्यावर आणखी एक फेर चढवला. नऊ जोड्यांच्या बाहेर नऊ एकेकट्या जादा नलिका. म्हणून 9+9+2. माशी घे, झुरळ घे, हेच दिसतं. आणि आपल्या जुन्या पुस्तकांतून सळसळत पळणारी कसर घे, तिच्यातही हेच दिसतं.

हे ऐकून तू थांबायला हवं होतंस. जिला आपण आदिम म्हणतो, जिला पंख कधी आलेच नाहीत, तिच्या शुक्रपेशीचं शेपूट माशीच्या शेपटाइतकंच पुरं आहे. त्याउलट स्प्रिंगटेलांमध्ये, म्हणजे पोटाखालच्या काट्यानं उडी मारणाऱ्या त्या बारीक जीवांमध्ये, बाहेरचा जादा फेर नाही. तिथं साधं 9+2. स्प्रिंगटेलांना आता खऱ्या कीटकांच्या गटाबाहेर ठेवतात. तुमच्या अभ्यासक्रमात अजून एकत्र असतील तर आश्चर्य नाही. आणि प्रोट्युरा बघ. डोळे नाहीत, मिशा नाहीत, पुढचे पाय मिशांसारखे समोर धरून चालणारे हे पांढुरके प्राणी फिलिप्पो सिल्व्हेस्त्रीनं 1907 मध्ये पहिल्यांदा जगापुढे आणले. इटलीतल्या बाचेत्ती, दालाई आणि फ्रातेल्लो यांनी 1973 मध्ये त्यांच्या शुक्रपेशी कापून पाहिल्या. एका वंशात 12+0, दुसऱ्यात 14+0, मधली जोडीच गायब. तिसऱ्यात तर शेपूटच नाही. एवढ्याशा गटात तीन तऱ्हा! 'आदिम' या शब्दाचा अर्थ साधं, ओबडधोबड, अर्धवट असा घेणाऱ्याला हा गट खोटं पाडतो. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे स्प्रिंगटेल स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावच्या दगडात सापडले आहेत, पण तुझ्या कुंडीतली स्प्रिंगटेल ही चाळीस कोटी वर्षं जुनी नाही. ती आजची आहे. तिच्या वाडवडिलांनीही तेवढाच काळ काढला जेवढा माशीच्या वाडवडिलांनी. प्रबंधात 'आदिम' लिहायचं तर लिही, पण लिहिताना हे मनात असू दे.

याच ओघात वाळवीचं सांगतो, कारण आपल्याकडे कसर आणि वाळवी यांची नावं एका दमात घेतात. दोघी कागद खातात, म्हणून. बहुतेक वाळव्यांच्या शुक्रपेशींना शेपूट नसतं आणि त्या हलतही नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मॅस्टोटर्मिस नावाच्या एका वाळवीच्या शुक्रपेशीला मात्र शंभराच्या आसपास शेपटं! निसर्गाच्या या हिशेबात शिडी शोधू नकोस. खालची पायरी, वरची पायरी असं काही तिथं सापडत नाही.

आकड्यांचा मोह फार मोठा असतो, बाई. टिपके मोजले, वंशावळ काढली, प्रबंध झाला. पण टिपके मोजून शेपूट हलतं कसं हे कळत नाही. स्वीडनच्या ब्यॉर्न अफझेलियसनं 1959 मध्ये सी-अर्चिनच्या शुक्रपेशीत नलिकांच्या जोड्यांवर बारीक हात पाहिले. त्या हातांच्या प्रथिनाला 1965 मध्ये गिबन्स यांनी डायनीन नाव दिलं. हे हात एटीपी जाळतात आणि शेजारच्या जोडीला सरकवतात. सरकण्यातून वाक येतो, वाकातून लाट. एवढं झालं तरी हात होते म्हणून शेपूट हलत होतं, हे सिद्ध करायला कुणीतरी न हलणारं शेपूट दाखवायला हवं होतं. तेही अफझेलियसनंच दाखवलं, 1976 मध्ये, माणसात. मूल होत नसलेले पुरुष, ज्यांना लहानपणापासून सर्दी, सायनस, खोकल्याचा त्रास. त्यांच्या शुक्रपेशी जिवंत, पण निश्चल. छेद घेतला तर ते हात नव्हते. श्वासनलिकेच्या केसांतही तेच. छातीच्या आजाराचं मूळ शुक्रपेशीच्या शेपटात सापडलं, कारण शोधणारा आयुष्यभर सी-अर्चिन आणि कीटकांच्या शेपटांत डोकं घालून बसलेला होता. याच माणसानं पुढे जेमिसन आणि दालाई यांच्याबरोबर कीटकांच्या शुक्रपेशींवर जाडजूड ग्रंथ लिहिला, 1999 मध्ये. तुझ्या विभागात नसेल तर मागवून घ्यायला सांग.

पण या गोष्टीत आधी काय आलं, ते बघ. डॉक्टरांनी साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं की पेशी जिवंत आहेत आणि हलत नाहीत. ते पाहिलं नसतं तर छेदाला काही अर्थच नव्हता. एक फोटो असता, इतकंच. आणि उलटंही आहे. ईल माशाच्या शुक्रपेशीत मधली जोडी नाही, 9+0, तरी ती झपाट्यानं पोहते. नुसता छेद पाहणारा म्हणाला असता, मधलं काही नाही, म्हणजे हे शेपूट बिघडलेलं. पाहणाऱ्यानं आधी पाण्यात पाहिलं म्हणून फसला नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की आधी हलताना बघ, मग काप. तुझ्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही ही आज तुझी सोय आहे. तो हाताशी असता तर तूही पहिल्या दिवशी ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवून सगळं मारून टाकलं असतंस. तुमच्या विभागात फेज कॉन्ट्रास्टचा एखादा मायक्रोस्कोप नक्की असेल. तो कुलपात असेल. किल्ली कुणाकडे असते ते शोधून काढ आणि त्या माणसाशी गोडीनं वाग. हा उपदेश तुला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

आता तुझा प्राणी. सगळे गट घेऊन बसू नकोस. कसर घे. लिनीयसनं 1758 मध्ये लेपिस्मा सॅकॅरिना नाव दिलं, ते आपल्या पाठ्यपुस्तकांनी इतकं घोकलं की घरात दिसली ती लेपिस्मा असं आपण धरूनच चालतो. आपल्याकडच्या गरम घरांत टेनोलेपिस्माही राहते. पाठीच्या कडेला केसांचे झुबके दिसतात का ते भिंगातून तपास. भट्टी-चुलीच्या उबेत राहणारी तिसरी, फायरब्रॅट, म्हणजे थर्मोबिया डोमेस्टिका. तिला सदतीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. वर्ध्याच्या मे महिन्यात मी पंख्याखाली घामानं निथळत असतो आणि तिला घरी आल्यासारखं वाटत असेल. बेकरीवाल्याची ओळख असेल तर त्याच्या भट्टीमागची भिंत बघून ये. पण जाती ओळखल्याशिवाय एकही निरीक्षण लिहू नकोस. जातीचं नाव चुकलं की मागचं सगळं काम वाया गेलं.

पकडायला बाटलीचा सापळा पुरतो. काचेची बरणी घे, बाहेरून खरबरीत कागदी टेप गुंडाळ, आत चिमूटभर कणीक टाक, रात्री पुस्तकांच्या कपाटाखाली ठेव. टेपवरून ती चढते, आत उतरते, आणि गुळगुळीत काचेवर तिचा पाय धरत नाही. सकाळी आतल्या बहुतेक जिवंत असतील. मादीच्या शेवटी अंडी घालायची लांब नळी दिसते, नराला ती नसते. सकाळच्या उजेडात दोघांना वेगळं कर.

यापुढचं वाचशील तेव्हा तुला कळेल की हा विषय मिळणं नशिबाचं का आहे. माशीच्या किंवा झुरळाच्या शुक्रपेशी बघायच्या तर प्राणी कापावा लागतो. कसरीच्या बाबतीत नर स्वतःच त्या बाहेर ठेवतो. यांच्यात नर-मादीचं मीलन होत नाही. हेल्मुट स्टुर्म या जर्मन अभ्यासकानं 1956 मध्ये ते सगळं टिपून ठेवलं आहे. नर आणि मादी समोरासमोर येतात, मिशांनी एकमेकांना चाचपतात, थरथरतात, मागे सरतात, पुन्हा येतात. मग नर एखाद्या उभ्या कडेपासून जमिनीपर्यंत रेशमासारखे धागे तिरपे ओढतो आणि त्यांच्याखाली शुक्रपेशींचं पुडकं ठेवतो. मादी धाग्यांखालून जाते. तिच्या वर उचललेल्या शेपटाच्या तंतूंना धागा लागला की ती थबकते, पोट खाली टेकवते, पुडकं शोधते आणि उचलून घेते. धागा नसला तर पुडक्यावरून चालत गेली तरी तिला पत्ता लागेलच असं नाही. एवढा सगळा व्यवहार, आणि दोघांची शरीरं जोडली जात नाहीत.

म्हणजे लहानशा डबीत एक उभा पुठ्ठा, एक नर, नुकतीच कात टाकलेली एक मादी, खोलीत मंद लाल उजेड, आणि रात्रभर जागायची तयारी. पुडकं ठेवलं की मादीच्या आधी तू उचल. कुणाला सुईही लागणार नाही. इथं पवनारच्या धाम नदीकाठी लहानपणापासून अहिंसेच्या गोष्टी ऐकलेल्या तुझ्या आईला हे फार आवडेल. तिला फोनवर सांग, मग ती तुझ्या विषयाला नाकं मुरडणार नाही.

पुडकं काचपट्टीवर घे, सलाईनचा थेंब टाक, कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीननं बंद कर म्हणजे थेंब सुकणार नाही. साधं पाणी कधीही घालू नकोस, पेशी फुगून शेपटं गुंडाळली जातात आणि तू तेच खरं रूप समजशील. सलाईनचं प्रमाण बदलून बघ, पण एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि तापमान लिही. दर वेळी लिही. नागपूरच्या जानेवारीतल्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी एकाच प्राण्याचं शेपूट एकाच वेगानं हलणार नाही. दोन्ही निरीक्षणं एकाच तक्त्यात बिनतापमानाची टाकलीस तर परीक्षकानं काही विचारलं नाही तरी मी विचारीन.

काय दिसेल? कीटकांच्या कितीतरी शुक्रपेशींमध्ये एकाच शेपटावर दोन लाटा चालताना दिसतात. एक मोठी, संथ. तिच्यावर बसलेली दुसरी लहान, वेगवान. तुझ्या प्राण्यात ती दिसते का, हे तुझ्या डोळ्यांनी बघ. व्हिडिओ मोबाइलच्या कॅमेऱ्यानंही काढता येतो, आयपीसला लावून. तेवढ्यावर प्रति सेकंद किती ठोके हे मोजता येतं. पण व्हिडिओ काढण्याआधी चित्र काढ. हातानं. आमच्या वेळी कॅमेरा लुसिडा होता, आता कुणी ओळखत नाही त्याला. चित्र काढताना डोळा थांबतो. व्हिडिओ काढताना तो बटणाकडे असतो.

आणि एक गोष्ट मुद्दाम बघ, जिच्यासाठी मी तुला हा विषय सोडू देणार नाही. 1964 मध्ये चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले एस. आर. बावा यांचा निबंध 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त आला, याच फायरब्रॅटच्या शुक्रपेशी घडतात कशा यावर. भारतातल्या माणसानं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घेतलेला हा प्राणी. तो निबंध आधी वाच, परदेशी लोकांनी सगळं केलं अशी जी तक्रार तू मेसेजमध्ये केली आहेस तिला तिथंच उत्तर मिळेल. आता ती मुद्दाम बघायची गोष्ट: कसरीच्या कुळातल्या शुक्रपेशी नराच्या शुक्रनळीत एकेकट्या राहत नाहीत. त्या जोडीजोडीनं एकमेकींना पीळ घालून असतात. तू लहानपणी मगन संग्रहालयात चरख्यावर सूत दुपदरी करताना पाहिलं होतंस, तसाच तो पीळ.

दोन शुक्रपेशी, ज्यांच्यात खरं तर शर्यत हवी, त्या जोडीनं का राहाव्यात? अमेरिकेतल्या ओपॉसम नावाच्या पिशवीवाल्या प्राण्यांमध्येही अशा जोड्या असतात. तिथं पाहिलं गेलं की चिकट द्रवात जोडी एकट्या पेशीपेक्षा चांगली पोहते. कसरीत मात्र शुक्रपेशी आधी जमिनीवर पुडक्यात पडून राहतात, मग मादी त्या उचलते. तिथं पोहण्याचा फायदा कुठं सुरू होतो? नराच्या शुक्रनळीतून, ठेवलेल्या पुडक्यातून, आणि मादीच्या साठवणपिशवीतून, तिन्ही ठिकाणच्या शुक्रपेशी घे आणि बघ. कुठे जोडीत, कुठे सुट्या, कुठे हलतात, कुठे पडून आहेत. हा प्रश्न साध्या मायक्रोस्कोपचा आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवाल्याला तो विचारताच येत नाही, कारण त्याच्याकडे पेशी पोचेपर्यंत मेलेली असते.

मादीच्या पिशवीचं आणखी एक. कसर मोठी झाली तरी कात टाकत राहते, आयुष्यभर. दर कातीबरोबर मादीच्या साठवणपिशवीचं आतलं अस्तरही जातं आणि उरलेल्या शुक्रपेशी त्याबरोबर जातात. पुढच्या अंड्यांसाठी तिला पुन्हा धाग्याखालून जावं लागतं. मधमाशीची राणी एकदा साठवण केली की वर्षानुवर्षं अंडी घालते. ही बिचारी दर कातीला कोरी. म्हणजे तिच्या पोटातल्या शुक्रपेशींची मुदत ठरलेली आहे: पुडकं उचलल्याच्या दिवसापासून पुढच्या कातीपर्यंत. त्या मुदतीत शेपटांचा जोर कसा उतरतो, की उतरतच नाही, याचा एक आलेख काढ. तो आलेख तुझ्या प्रबंधाचा कणा होईल. मादी मात्र कापावी लागेल, आणि शुक्रनळीतल्या पेशींसाठी नरही. थोडेच काप, आणि कापलेल्या प्रत्येकातून जेवढं बघता येईल तेवढं बघ.

स्प्रिंगटेलांचा मोह होत असेल तर पावसाळा आहे तोवर बाजूला एवढं करून ठेव. आत्ता कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यावर राखेसारखे कण उड्या मारताना दिसतील, किंवा निंबाखालच्या कुजक्या पाल्यात. बोर अभयारण्यात सागाच्या पाल्यात भरपूर असतील, पण तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पालाही उचलायचा नाही. ते व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र आहे; कोण बघतंय म्हणून पिशवी भरू नकोस. घरामागचा निंब पुरे. डबीच्या तळाला प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कोळशाची पूड मिसळून थर घाल, ओला ठेव, यीस्टचे दाणे टाक. काळ्या तळावर काही दिवसांनी देठावर उभे केलेले सूक्ष्म पांढरे थेंब दिसतील. हे नर कुणा मादीची वाटही बघत नाहीत. थेंब उभे करून निघून जातात. काही जातींत तर जुना थेंब खाऊन टाकतात आणि जागी नवा ठेवतात. या थेंबातल्या शुक्रपेशी गुंडाळलेल्या असतात आणि मादीत गेल्यावर उलगडतात. म्हणजे थेंब काचपट्टीवर घेऊन तुला काही हलताना दिसलं नाही तर घाबरू नकोस आणि 'निश्चल' असंही लिहू नकोस. 'या ठिकाणी, या वेळी हलत नाहीत' असं लिही. या दोन वाक्यांत फार फरक आहे, आणि तो फरक कळणं म्हणजेच तुमची ती 'मोटिलिटी' कळणं.

शेवटी छेदाचं. मी छेदाच्या विरुद्ध नाही. हालचालीचं सगळं नोंदून झालं की ज्या पुडक्यातल्या शुक्रपेशी तू हलताना पाहिल्यास त्याच पुडक्याचा उरलेला भाग फिक्स करून ठेव, बाटलीवर पेन्सिलनं क्रमांक घाल, शाईनं नको, अल्कोहोलनं शाई जाते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असलेल्या संस्थांत पैसे भरून नमुने बघून मिळतात. मार्गदर्शकांना आत्तापासून विचारून ठेव, कारण तिथं रांग असते. तुझ्या फोटोखाली मग नुसतं 9+9+2 राहणार नाही. त्याच पुडक्यातली शेपटं किती अंशांवर, किती वेगानं, जोडीनं की एकटी हलत होती, हे त्याखाली लिहिता येईल. तसा फोटो त्या यादीतल्या किती निबंधांत आहे ते तू स्वतः तपासून मला कळव.

बोंडअळी कुठं पळून जात नाही. पीएच.डी.ला घे हवं तर.

रविवारच्या गाडीनं येशील तेव्हा चार-सहा काचेच्या बरण्या तिकडूनच घेऊन ये. इथल्या सगळ्या मामीनं लोणच्याला लावल्या आहेत, आणि कसरीसाठी एक रिकामी कर म्हणायची माझी छाती नाही.

तुझा,
मामा